झोन शून्य आला म्हणून औषध निकामी ठरतं का? पोटाच्या वनस्पतींच्या तपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

पोटाच्या तक्रारींवर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती आणि त्यांच्या अर्कांची तपासणी या विषयावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. काही पत्रं लांब होती, त्यांतला प्रश्नाचा गाभा तेवढा घेतला आहे. शीर्षकातला झोन म्हणजे जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर अर्काभोवती दिसणारं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ.

प्रश्न : मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी वाशीच्या मसाला मार्केटमधून कुड्याची साल आणली. मेथनॉलमध्ये अर्क काढून ई. कोलाय या जिवाणूवर अगार वेल पद्धतीने, म्हणजे अगारच्या थरात विहीर पाडून तिच्यात अर्क घालून, तीनदा तपासला. तिन्ही वेळा झोन शून्य. शेजारच्या मैत्रिणीला हिरड्याच्या अर्काचा १८ मिमीचा झोन मिळाला. कुडा तर अतिसारावरचं नावाजलेलं औषध. माझं चुकतंय कुठे?
(विद्यार्थिनी, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : तुमचा प्रयोग चुकलाच आहे असं नाही. पण आधी साल कुड्याचीच आहे का, ते पक्कं करा. बाजारात ‘कुडा’ या एका नावाखाली दोन झाडं विकली जातात. अतिसारात वापरतात तो पांढरा कुडा, म्हणजे होलारेना. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, तो निराळा. झाडावर दोघे सहज ओळखता येतात. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, तर काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. बियाही तशाच, एकीचे कडू इंद्रजव आणि दुसरीचे गोड इंद्रजव. पण पोत्यातल्या सालीला ना शेंग असते ना पान. चव घेतली तर पांढऱ्या कुड्याची साल कडूजहर लागते, मात्र चव ही पहिली चाळणी झाली, पुरावा नव्हे. पुरावा हवा तर टीएलसी, म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करणारी चाचणी, करा. कोनेसिन हे कुड्यातलं मुख्य अल्कलॉइड, त्याचा प्रमाणित नमुना शेजारी लावा आणि अल्कलॉइडला रंग देणारं ड्रॅगेनडॉर्फ द्रावण वर फवारा. दोन्ही पट्ट्यांत एकाच उंचीवर नारिंगी डाग आला तर साल बरोबर. द्रावकात थोडं डायएथिलअमाइन घालायला विसरू नका. नाहीतर अल्कलॉइड सिलिकाला धरून बसतं, डागाला लांब शेपूट फुटतं आणि काहीच वाचता येत नाही.

साल खरी निघाली असं धरून पुढे जाऊ. आता मैत्रिणीच्या १८ मिमीकडे बघा. हिरडा, आवळा, डाळिंबाची साल यांचे अर्क चांगलेच आंबट असतात आणि त्यांत टॅनिन भरपूर असतं. आंबटपणाने जिवाणूंची वाढ थांबते आणि टॅनिन भेटेल त्या प्रथिनाला धरतं. म्हणजे झोन दिसतो, पण तो वनस्पतीच्या खास गुणाचा की नुसत्या आम्लाचा, हे त्या प्लेटवरून कळत नाही. तिला दोन गोष्टी करायला सांगा. पहिली, अर्काचा पीएच मोजून विरल सोडियम हायड्रॉक्साइडने तो ७वर आणायचा आणि पुन्हा प्लेट लावायची. ७च्या वर जाऊ नये, तिथे टॅनिनचं ऑक्सिडेशन होऊन अर्क काळा पडतो. सोबत एका विहिरीत मूळ अर्काच्याच पीएचचं सायट्रिक आम्ल घालायचं. दुसरी, १ मिली अर्कात १ मिली पाणी आणि टॅनिन धरून ठेवणारी १०० मिग्रॅ पीव्हीपीपी पूड घालून ४ अंशांवर १५ मिनिटं ठेवायचं, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी तपासायचं. या दोन्हीनंतर जेवढा झोन उरेल, तेवढ्यावरच बोलावं.

तुमच्या प्लेटबद्दल. म्युलर-हिंटन अगारची जाडी ४ मिमी हवी. जास्त जाड ओतलं की अर्क खाली मुरतो आणि झोन लहान दिसतो. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडचं (हे गढूळपणाचं माप), म्हणजे मिलीला सुमारे १.५ कोटी नव्हे, १५ कोटी पेशी. हा एक शून्य पुष्कळ प्रबंधांत गळलेला दिसतो. अर्क पूर्ण वाळवून, वजन करून, डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ/मिली करा आणि विहिरीत ५० मायक्रोलिटर घाला. नुसत्या डीएमएसओची एक विहीर आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची ५ मायक्रोग्रॅमची चकती प्रत्येक प्लेटवर असलीच पाहिजे. विहिरी भरल्यावर प्लेट तासभर फ्रिजमध्ये ठेवली तर जिवाणू वाढायला लागण्याआधी अर्क पसरतो. तेलकट रेणू मात्र तरीही अगारमध्ये हलत नाहीत, म्हणून झोन शून्य आला तरी ९६ विहिरींच्या प्लेटवर एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण, काढा. अर्काच्या रंगामुळे गढूळपणा डोळ्यांना कळत नाही. रेझाझुरिन हा रंग घाला, निळ्याचा गुलाबी झाला की जिवाणू जिवंत.

आता मुख्य मुद्दा. जुलाब थांबवणं म्हणजे जिवाणू मारणंच, असं समजून ही चाचणी निवडलेली आहे. आतड्यात कितीतरी गोष्टी घडतात. जिवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटतात, काही आत शिरतात, काही विष सोडतात, त्या विषाने अस्तर पाणी सोडायला लागतं आणि आतडं वेगाने चालतं. वनस्पती यांतली कुठलीही एक पायरी अडवू शकते. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये कच्च्या बेलफळाच्या काढ्यावर झालेलं काम यासाठी जरूर वाचा, ते २००९ साली प्रसिद्ध झालं. त्या काढ्याने तपासलेल्या सहापैकी एकही जिवाणू मेला नाही. तुमच्या प्लेटवर तो काढा ठेवला असता तर झोन शून्यच आला असता. पण त्याच काढ्याने जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी केलं, कॉलराच्या विषाचं पेशीवरच्या खुंटीला बसणंही कमी केलं. जिआर्डिया या परजीवीवर आणि रोटाव्हायरसवर त्याचा थेट परिणाम दिसला तो वेगळाच. केवळ झोनवर निकाल दिला असता तर बेल तिथेच बाद झाला असता.

म्हणून प्रबंधात झोन शून्य हे जसंच्या तसं लिहा आणि जमल्यास चिकटण्याची चाचणी जोडा. शिगेला किंवा साल्मोनेलाला मात्र जैवसुरक्षा पातळी २ची सोय असल्याशिवाय हात लावू नका. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत चंदिगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहातला निरुपद्रवी ई. कोलाय पुरतो.

प्रश्न : साल बाजारातून घेण्यापेक्षा येऊरच्या जंगलात कुडा भरपूर आहे, तिथूनच आणली तर खात्रीची मिळेल ना?
(वाचक, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : आणू नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२नुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही काढणं गुन्हा आहे. शिवाय खोडाभोवती पूर्ण गोल साल निघाली की झाड मरतं. अभ्यासासाठी खासगी जागेतल्या झाडाची फांदी मालकाच्या परवानगीने घ्या, फुला-शेंगांसह ती दाबून वाळवा आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ओळख पटवून घ्या. तिथून मिळालेला नमुना क्रमांक प्रबंधात लिहायचा असतो. प्रयोगाला मोठ्या खोडाची साल न घेता छाटलेल्या फांद्यांची घेतली तरी पुष्कळ काम होतं, मात्र फांदी की खोड, आणि कोणत्या महिन्यातली, हे नोंदवून ठेवा.

प्रश्न : आमचा बचत गट पाचक चूर्ण करतो : सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव आणि तुपात तळलेला हिंग, सगळं समभाग. आता दुकानदार ‘लॅब रिपोर्ट’ मागतात. कुठल्या तपासण्या करून घ्याव्यात? पावसाळ्यात चूर्णाचे गोळे होतात, त्यावर काय उपाय?
(बचत गट, ऐरोली)

उत्तर : तुमचं चूर्ण म्हणजे हिंग्वाष्टकच, फक्त अजमोद्याच्या जागी ओवा. आधी हे ठरवा की विकताय काय. ‘अजीर्ण, पोटदुखीवर औषध’ असं पाकिटावर लिहिलंत की ते आयुर्वेदिक औषध झालं. त्याला १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादन परवाना लागतो आणि जागा, भांडी, नोंदवह्या शेड्यूल टी या उत्पादन-नियमावलीप्रमाणे असाव्या लागतात. मसाला म्हणून विकायचं तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, आणि मग आजाराचं नावही पाकिटावर नको. दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालत नाही.

तपासण्यांसाठी रबाळे-महापे पट्ट्यात एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आहेत. तुम्हाला हवी ती तपासणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते विचारून घ्या. संपूर्ण प्रयोगशाळेला मान्यता नसते, एकेका तपासणीला असते. शिसं, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक तपासाच. आयुर्वेदिक फार्माकोपिया या अधिकृत प्रमाणग्रंथातल्या मर्यादा अनुक्रमे १०, ०.३, १ आणि ३ पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) आहेत. ई. कोलाय आणि साल्मोनेला नसल्याचा दाखला घ्या. मिरी आणि सुंठ जमिनीवर वाळवली जाते, तिथून हे जिवाणू येतात.

राखेच्या तपासणीत तुमच्यासारख्या चूर्णाची हमखास फसगत होते, म्हणून ती नीट समजून घ्या. चूर्ण ४५० अंशांपर्यंत जाळून उरते ती एकूण राख. ती जास्त आली की माती-वाळूची भेसळ असा अर्थ काढतात. पण तुमच्या चूर्णात आठवा भाग सैंधव आहे, म्हणजे १२.५ टक्के नुसतं मीठ, आणि मीठ जळत नाही. एकूण राख १६-१७ टक्के आली तर घाबरू नका आणि प्रयोगशाळेशी भांडूही नका. त्याच राखेला २५ मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिनिटं उकळायला सांगा. मीठ आणि वनस्पतीचे क्षार विरघळतात, वाळू तशीच खाली राहते. गाळणकागदावर उरलेल्या या आम्ल-अविद्राव्य राखेचा आकडाच तुमच्या चूर्णाची स्वच्छता सांगतो. तो वाढला तर बहुतेक वेळा जिरं किंवा ओवा नीट निवडलेला नसतो.

ओलाव्याचंही तसंच. नेहमी चूर्ण १०५ अंशांवर वाळवून वजनातली घट मोजतात. पण ओव्यातलं थायमॉल आणि बाकीची सुगंधी तेलंही त्या उष्णतेत उडून जातात आणि तीही ‘पाणी’ म्हणून मोजली जातात. पत्रकावर ओलावा फाजील दिसतो. टोल्युइन ऊर्ध्वपातन पद्धतीने करून द्या म्हणा, त्यात पाणी वेगळं नळीत उतरतं आणि मिलीमध्ये वाचता येतं.

गोळे होण्याला कारण सैंधव. जुलैच्या हवेत मीठ पाणी ओढतंच. सैंधव आधी कढईत कोरडं गरम करून गार करा, बाकीची सात द्रव्यं वेगळी दळून ४० ते ४५ अंशांवर वाळवा आणि मीठ अगदी शेवटी, पाकिटं भरायच्या दिवशी मिसळा. पाकीट जाड फॉइलचं हवं, साध्या प्लास्टिकमधून बाष्प हळूहळू आत जातंच. हिंग तुपात तळता, ते तूप महिना-दोन महिन्यांत खवट होतं, त्यामुळे तूप हिंग भिजण्यापुरतंच घ्या. आणि बाजारातला बांधणी हिंग घेत असाल तर त्यात पीठ असतं. ते गव्हाचं असेल तर पाकिटावर गहू लिहिणं भागच आहे. गव्हाने त्रास होणारी माणसं पोटाचीच औषधं शोधत असतात.

नमुना पाठवताना वरचं वर भरू नका. डब्याच्या वर, मध्ये आणि तळाशी हात घालून काढा, कागदावर ढीग करा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा चार भाग करा. मीठ तळाशी बसलेलं असतं, वरच्या चमच्याचा रिपोर्ट तळच्या चमच्याला लागू पडत नाही.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात आठवी-नववीच्या मुलांना ‘अ‍ॅसिडिटीवर कोणती वनस्पती गुणकारी?’ हा प्रयोग करायचा आहे. शाळेत जिवाणू वाढवू नयेत असं वाटतं. दुसरं काय करता येईल?
(शिक्षिका, कळवा)

उत्तर : जिवाणू वाढवू नयेत हे तुमचं म्हणणं अगदी योग्य. आम्ल किती मारलं जातं ते मोजा. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ३० मिली घ्या, त्यात पदार्थ घाला, १५ मिनिटं ढवळा आणि उरलेलं आम्ल ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ३.५ येईपर्यंत मोजा. आम्ल आणि अल्कली शिक्षकांनी हाताळावी, मुलांना चष्मा द्यावा.

पहिल्यांदा १०० मिग्रॅ खाण्याचा सोडा घाला. हिशोबाप्रमाणे तो ११.९ मिली आम्ल संपवतो, म्हणजे ब्युरेटमधून १८.१ मिली अल्कली जायला हवी. १७.८ ते १८.४च्या दरम्यान आली तर तुमची मांडणी भरवशाची. मग १०० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, त्याला बरोबर २० मिली आम्ल लागतं, अल्कली १० मिलीच जाईल. फळ्याचा खडू वापरू नका. तो पुष्कळदा जिप्समचा असतो आणि आम्लाला दाद देत नाही. फिनॉल्फ्थॅलीनही नको. सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहून आकडा फिरवतो, आणि चूर्णाच्या तपकिरी रंगात गुलाबी छटा दिसत नाही. साधा पीएच मीटर घ्या, ४ आणि ७च्या बफरने जुळवून.

आता १-१ ग्रॅम ज्येष्ठमध, शतावरी, आवळा आणि धणे. इथे मुलं हिरमुसतील, कारण ज्येष्ठमध जवळपास काहीच आम्ल मारणार नाही आणि आवळ्याला तर कोऱ्या, म्हणजे काहीही न घालता केलेल्या, प्रयोगापेक्षाही जास्त अल्कली लागेल, कारण तो स्वतःच आंबट. तो आकडा तक्त्यावर तसाच लावा. ज्येष्ठमधाचा उपयोग मानतात तो जठराच्या आतल्या श्लेष्म-थराला आधार देण्यासाठी, आम्ल मारण्यासाठी नव्हे. मुलांनी पाटीवर ‘आम्ल मारण्याची क्षमता’ एवढंच लिहावं. ‘गुणकारी’ हा शब्द या प्रयोगाच्या आवाक्यातला नाही.

प्रश्न : बी.फार्म.ला आहे. मुरुडशेंगेच्या काढ्याची आतड्याच्या आकुंचनावर तपासणी करायची आहे. कोंबडीचं आतडं ऑर्गन बाथमध्ये (अवयव जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात) लावतो, पण आकुंचन घडवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनला नीट प्रतिसाद देत नाही, आणि काढा घातला की सैल होण्याऐवजी उलट आखडतं.
(विद्यार्थी, खारघर)

उत्तर : दोन्ही तक्रारींची कारणं बहुधा वेगळी आहेत. प्रतिसाद नसण्यामागे चुकीचं बनवलेलं टायरोड द्रावण, म्हणजे आतडं ज्यात ठेवतात ते क्षारांचं पाणी, असतं. लिटरला सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१, सोडियम बायकार्बोनेट १, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५ आणि ग्लुकोज १ ग्रॅम हे आधी विरघळवून घ्या. कॅल्शियम क्लोराइड ०.२ ग्रॅम वेगळ्या पाण्यात विरघळवून अगदी शेवटी, ढवळत ढवळत घाला. सगळं कोरडं एकदम टाकलं की कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतं, आणि कॅल्शियमशिवाय स्नायू आकुंचन पावणार कसा? द्रावण दुधट दिसलं तर सरळ ओतून द्या. ग्लुकोजमुळे ते दुसऱ्या दिवशी टिकत नाही, रोज ताजं करा.

आतडं कोंबडीच्या दुकानातून घेताना थर्मासमध्ये थंड टायरोड घेऊन जा. पिशवीत गुंडाळून आणलेलं आतडं खारघरच्या उन्हात वाटेतच मरतं. आतली घाण पिपेटने हलकेच धुवा, बोटांनी पिळू नका. २ ते ३ सेंमीचा तुकडा, ३७ अंश, हवेचे बुडबुडे, अर्धा ते एक ग्रॅमचा ताण. ३० ते ४५ मिनिटं स्थिरावू द्या आणि दर १० मिनिटांनी द्रावण बदला. अ‍ॅसिटिलकोलिनचे लागोपाठ तीन प्रतिसाद एकसारखे आल्याशिवाय काढ्याकडे वळू नका.

काढ्याने आखडणं हे बहुधा पोटॅशियमचं काम आहे. काढ्यात वनस्पतीचे क्षार उतरतात. वाळलेल्या अर्कात ३ टक्के पोटॅशियम आहे असं धरा आणि १०० मिग्रॅ/मिलीचा अर्धा मिली २५ मिलीच्या बाथमध्ये घाला, तर पोटॅशियम सुमारे १.५ मिलिमोलरने वाढतं. टायरोडमध्ये मुळात ते २.७ मिलिमोलरच असतं, म्हणजे एका मात्रेसरशी दीडपट. खात्रीसाठी काढ्याची राख करून, ती पाण्यात घेऊन, पीएच ७.४ करून तेवढ्याच मापाने बाथमध्ये घाला. राखेनेही आतडं आखडलं तर दोष क्षारांचा. मग अल्कोहोलने क्षार मागे टाकून केलेला अर्क वापरा आणि ८० मिलिमोलर पोटॅशियमने मुद्दाम आखडवलेलं आतडं तो सैल करतो का ते पाहा. केला तर स्नायूत कॅल्शियम शिरण्याची वाट अडत असल्याची शंका घ्यायला जागा आहे.

उंदरांना एरंडेलाने जुलाब घडवून करायची चाचणी करायची असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी. दुकानातल्या आतड्याबद्दलही समितीला एक पत्र देऊन ठेवा.

प्रश्न : आईला बरीच वर्षं आयबीएस (आतड्याच्या कामातला दीर्घकाळचा बिघाड) आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. एका जाहिरातीत ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असा ज्येष्ठमध-कुड्याचा ५०० मिग्रॅ अर्काचा कॅप्सूल आहे. द्यावा का? विक्रेत्याला काय विचारू?
(वाचक, वाशी)

उत्तर : आधी ज्येष्ठमध. त्यातल्या ग्लिसरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या रुग्णाला असा अर्क रोज देऊ नये. विक्रेता ‘डीजीएल’, म्हणजे ग्लिसरायझिन काढलेला, असं म्हणाला तर ते लेबलवर लिहिलेलं आहे का बघा.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ म्हणजे नेमकं काय, हे विचारा. समजा प्लेटवर जिवाणूची वाढ २ मिग्रॅ/मिलीला थांबली. ५०० मिग्रॅचा एक कॅप्सूल पाव लिटर पाण्याबरोबर घेतला तर जठरात तेवढं प्रमाण जेमतेम मिळेल, तेही अर्क लगेच पूर्ण विरघळला तर आणि पाणी पुढे सरकेपर्यंतच. पुढे आतड्यात ते पातळ होत जातं. शिवाय आयबीएस हा जिवाणू मारून बरा होणारा आजारच नाही, मग ती चाचणी त्याला लागू कशी?

दुसरा प्रश्न, माणसांवर चाचणी झाली का, आणि तुलनेला खोटी गोळी होती का? आयबीएसमध्ये बिनऔषधाच्या गोळीनेही पुष्कळांना बरं वाटतं, त्यामुळे ‘७० टक्के रुग्णांना आराम’ या आकड्याला तुलनेशिवाय किंमत नाही. कुड्यासारख्या कडू औषधाची तुलना करताना दोन्ही गटांना बंद कॅप्सूल द्यावे लागतात, नाहीतर चवीवरून रुग्ण ओळखतात. भारतात झालेल्या चाचणीचा सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक असतो. तो मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा की रुग्ण किती होते, किती आठवडे तपासले आणि नोंद चाचणीच्या आधीची आहे की नंतरची. क्रमांक देता येत नसेल तर कॅप्सूल घेऊ नका.

आणि आईंना अलीकडे शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही सुरू झालं असेल, तर त्याला आयबीएस समजून कुठलाच अर्क देत बसू नका. पोटविकारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात न्या, आणि जाताना चालू असलेली सगळी चूर्णं, काढे, गोळ्या एका पिशवीत घेऊन जा.